आजव्याचे पाणी, सारोदचे पाणी

बडोदे संस्थानाच्या इतिहासावर आपल्याकडे थोडेथोडके लेखन झालेले नाही. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, कलाभवन, संगीत, राजवाडे या विषयांवरील लेखांनी मराठी घरांतील जुनी कपाटे भरलेली आहेत. त्या मानाने पाण्याचा इतिहास उपेक्षित राहिला. वस्तुतः राज्यकर्त्यांचे आणि कारखानदारांचे निर्णय शेतीला, अन्नाला आणि लोकांच्या आरोग्याला कसे वळण लावतात हे पाहावयाचे असेल, तर बडोद्यात येणाऱ्या पाण्याबरोबरच बडोद्यातून जाणाऱ्या पाण्याचाही माग काढावयास हवा.

डिसेंबर १८८१ मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राज्याची पूर्ण सूत्रे हाती घेतली, त्या वेळी शहराची तहान विहिरी, वावी आणि तलाव यांवर भागत असे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू पाण्यात दाखवून दिला आणि पुढच्याच वर्षी आजव्याच्या तलावाचे काम सुरू झाले. या दोन घटनांत थेट कार्यकारणभाव शोधण्याची गरज नाही. परंतु शुद्ध पाणी पुरविणे हे सरकारचे कर्तव्य होय, हा विचार त्या काळी जगभर मूळ धरीत होता आणि आमचे तरुण महाराज त्यात मागे नव्हते. शहरापासून सुमारे २० किलोमीटरांवर मातीचा लांबलचक बांध घालून पावसाचे पाणी अडविण्यात आले आणि १८९२ मध्ये ते केवळ उताराच्या जोरावर नळांतून शहरात खेळू लागले. चामड्याचा वॉशर लावलेल्या नळाचे पाणी सोवळ्याला चालते काय, या प्रश्नावर त्या काळी अनेक शहरांत पुष्कळ वाद झाले. ते आज विनोदी वाटतात. मात्र ‘पाणी शुद्ध’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या वादामागे होता; तो अजून सुटलेला नाही.

आजव्याचे श्रेय महाराजांना आहे, यात शंका नाही. तथापि त्या श्रेयाची एक दुसरी बाजू आहे. १८९९ साली पाऊस पडला नाही आणि गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ आला. १८९१ च्या शिरगणतीत संस्थानाची लोकसंख्या २४ लाख १५ हजार होती. १९०१ च्या शिरगणतीत ती १९ लाख ५३ हजारांवर आली. दहा वर्षांत जवळजवळ पाचवा हिस्सा नाहीसा झाला! उपासमारीपाठोपाठ पटकी आली आणि तिने खचलेल्या शरीरांना टिकू दिले नाही. महाराज स्वतः दुष्काळी भागात हिंडले आणि त्या दौऱ्याची टिपणे त्यांनी इंग्रजीत प्रसिद्धही केली. असा राजा त्या काळी विरळाच. परंतु नळ शहरात होते आणि माणसे खेड्यांत मेली, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. सार्वजनिक आरोग्य म्हणजे शहराचे आरोग्य, हे समीकरण येथे प्रथम दिसते. पुढील राजवटींनी आजव्याची दूरदृष्टी तेवढी घेतली नाही. हे समीकरण मात्र घेतले.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबारी नोकरीवर पोसलेल्या मराठी कुटुंबांना नव्या उपजीविका शोधाव्या लागल्या. बडोद्यात कारखानदारी त्यापूर्वीही होती, प्रा. कोटिभास्कर, त्रिभुवनदास गज्जर आणि भाईलाल अमीन यांची अलेंबिक १९०७ सालची. तथापि शहराचे रूप पालटले ते तेलामुळे. १९६० मध्ये गुजरात राज्य झाले, त्याच वर्षी अंकलेश्वरला तेल सापडले. सोव्हिएत साह्याने कोयली येथे उभारलेला तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्सच्या बाजव्याजवळील कारखान्यातून १९६७ मध्ये खत बाहेर पडू लागले. १९६९ मध्ये आय.पी.सी.एल. आली, नंदेसरीची औद्योगिक वसाहत वसली. (पूर्वेस आजवा, वायव्येस बाजवा, बडोद्याच्या शतकाचे यमक जुळले खरे.) दरबारी कारकुनांची नातवंडे या कारखान्यांत अभियंते, रसायनज्ञ, हिशेबनीस झाली. आपल्यापैकी कित्येकांची घरे त्या पगारावर उभी आहेत, म्हणून पुढील भाग परक्याचा म्हणून वाचता येत नाही.

देशाला अन्न हवे होते, अन्नाला खत हवे होते. तेव्हा हे धोरण चुकीचे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु कारखान्यांचे सांडपाणी मिनी नदीत जाई आणि मिनी महीला मिळते. इकडे वाढत्या शहराला आजवा अपुरे पडू लागले होते आणि महीच्या पात्रातील फ्रेंच विहिरींतून पाणी आणावे लागत होते. म्हणजे शहर जे टाकत होते, तेच पिण्याची पाळी आली होती. उपाय निघाला तो १९८३ चा सांडपाण्याचा कालवा. कोयलीजवळील धनोऱ्यापासून सुमारे ५६ किलोमीटर जाऊन भरूच जिल्ह्यातील जंबुसर तालुक्यात सारोद येथे तो महीच्या मुखाशी खंभातच्या आखातात रिकामा होतो. प्रत्येक कारखान्याने आपले पाणी ठरलेल्या मर्यादेपर्यंत शुद्ध करून मगच कालव्यात सोडावे, उरलेले काम समुद्राच्या भरती-ओहोटीने करावे, अशी योजना होती. मही वाचली, शहर वाचले. ही योजना केवळ लबाडी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल.

कागदावर तो कालवा निर्मनुष्य प्रदेशातून जातो. प्रत्यक्षात तो पादरा आणि जंबुसर तालुक्यांतील शेतांच्या मधून जातो. जंबुसरकडे भूजल खारे. नर्मदेचे कालवे येण्यापूर्वी या शेतकऱ्याच्या दारावरून बारमाही वाहणारे पाणी एकच होते. त्याने पंप लावला यात नवल ते काय? खतकारखान्याच्या सांडपाण्यात अमोनिया असतो, अमोनियात नत्र. पीक प्रारंभी हिरवेगार दिसते. क्षार मातीत साचतात ते मागाहून, आणि जड धातू तर डोळ्यांना दिसतच नाहीत. झिरपलेले पाणी विहिरींत उतरते. पादरा तालुका भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. महाराजांच्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवाप्रीत्यर्थ १९०६ मध्ये बांधलेल्या खंडेराव मार्केटमध्ये पादऱ्याची वांगी, भेंडी आणि पापडी आपण पिढ्यान्‌पिढ्या निवडून घेत आलो. कोणती टोपली कोणत्या पाण्यावर वाढली, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. शहराने वेशीबाहेर घालविलेले पाणी अशा रीतीने शहराच्या ताटात परत येऊ शकते.

कायदे नव्हते असे नाही. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा आणि गुजरातचे नियंत्रण मंडळ ही दोन्ही १९७४ सालची, म्हणजे कालव्याहून नऊ वर्षे वडील! तरीही पर्यावरण सुरक्षा समिती या येथील संस्थेला २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालाने, सांडपाणी शुद्ध करण्याची चालू यंत्रणा नसलेला कारखाना तीन महिन्यांच्या सूचनेनंतर चालू देऊ नये, असे देशभरासाठी ठरविले. कालव्याचा कारभार एव्हाना वडोदरा एन्व्हायरो चॅनल या उद्योगांच्याच कंपनीकडे आला होता. जे पाणी सोडतात, तेच कालवा सांभाळतात. आजवा सरकारी खजिन्यातून बांधला गेला आणि त्याचा जाब दरबाराला विचारता येत असे. पादऱ्याच्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीचा जाब मात्र कंपनीला विचारावा, मंडळाला विचारावा की शहराला?