आकाशातील वाटा आणि शिक्षणसंस्थांचा आवाज



रेडिओचे बटण फिरविले की गाणे ऐकू येते. मोबाइल कानाशी धरला की आखातात नोकरीला गेलेला मुलगा बोलू लागतो. हा आवाज ज्या रेडिओलहरींवरून येतो त्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच जमिनीप्रमाणे या लहरींचीही वाटणी करावी लागते, हे आपल्या सहसा ध्यानी येत नाही. एकाच परिसरात एकाच लहरीवर दोन केंद्रे बोलू लागली, तर ऐकणाऱ्याच्या पदरी खरखरीवाचून काही पडत नाही. यासाठी कोणी कोणत्या लहरीवर आणि किती शक्तीने बोलावे, याचे नियम प्रत्येक देशाला करावे लागतात.

हे नियम कचेरीत बसून एकट्या अधिकाऱ्याला करता येत नाहीत. यंत्रे बनविणारे कारखानदार, केंद्रे चालविणारे मालक, इंजिनिअर अशा सर्वांना विचारावे लागते. मश्वऱ्याचे महत्त्व आपणांस नव्याने सांगावयास नको. कुरआन शरीफमध्ये ‘शूरा’ या नावाची एक सूरहच आहे. परंतु मश्वऱ्याला कोण हजर राहतो आणि काय तयारी करून येतो, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. अमेरिकेतील शिक्षणसंस्थांनी हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. ती हकीकत आपल्या पालकांनी व विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी अशी आहे.

अमेरिकेत १९२० साली पिट्सबर्ग येथे नियमित नभोवाणी सुरू झाली आणि १९२२ अखेर केंद्रांची संख्या पाचशेच्या वर गेली. आरंभी बहुतेक सर्वांना ३६० मीटर ही एकच तरंगलांबी दिलेली होती. गोंधळ अटळ होता. त्या वेळचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनी फेब्रुवारी १९२२ मध्ये वॉशिंग्टन येथे कारखानदार, इंजिनिअर, सरकारी खाती व हौशी रेडिओवाले यांची परिषद बोलाविली. अशा चार परिषदा १९२५ पर्यंत भरल्या. कोणती लहर कोणत्या कामाला, केंद्राची शक्ती किती, हे तेथे विचारविनिमयाने ठरत गेले आणि बहुतेकांनी ते मानलेही.

मात्र या मश्वऱ्यामागे कायद्याचे बळ नव्हते. झेनिथ कंपनीने आपणांस न दिलेली लहर वापरली, तेव्हा १९२६ साली न्यायालयाने निर्णय दिला की, १९१२ च्या कायद्याने मंत्र्यास तिला अडविण्याचा अधिकारच नाही. मग काय विचारता! केंद्रे मनास येईल त्या लहरीवर जाऊन बसली आणि काही महिन्यांत सुमारे दोनशे नव्या केंद्रांची भर पडली. अखेर १९२७ साली नवा कायदा होऊन रेडिओ आयोग स्थापन झाला.

आता शिक्षणसंस्थांकडे वळू. सुरुवातीच्या त्या केंद्रांत कॉलेजे व विद्यापीठे यांची केंद्रे पुष्कळ होती. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे केंद्र शेतकऱ्यांना हवामान आणि बाजारभाव सांगे. पण १९२८ साली आयोगाने लहरींची फेरवाटणी केली, तेव्हा उत्तम लहरी मोठ्या व्यापारी केंद्रांकडे गेल्या. कॉलेजांच्या वाट्याला बहुधा दिवसाचे मोजके तास आले. तक्रार करावयाची तर वॉशिंग्टनला जावे लागे, वकील आणि इंजिनिअर उभे करावे लागत. कंपन्यांना ते परवडे. कॉलेजांना परवडत नसे. १९२१ ते १९३६ या काळात शिक्षणसंस्थांना दोनशेहून अधिक परवाने मिळाले होते. १९३७ च्या आरंभी त्यांपैकी चाळीसही उरले नाहीत.

यात एक संधी आलेली होती. १९३४ साली नव्या दळणवळण आयोगाने याच प्रश्नावर सुनावणी ठेविली: बिगरव्यापारी संस्थांसाठी काही लहरी राखून ठेवाव्यात काय? व्यापारी केंद्रे आकडे, तक्ते आणि साक्षीदार घेऊन आली. शिक्षणक्षेत्रातील मंडळींत आपसांतच एकमत नव्हते. आयोगाने १९३५ साली राखीव लहरींची गरज नाही असा अभिप्राय दिला. शिक्षणाची बाजू खोटी नव्हती. ती नीट मांडली गेली नाही.

टेलिव्हिजनच्या वेळी मात्र चित्र पालटले. केंद्रांचा एकमेकांस अडथळा होऊ लागल्यामुळे आयोगाने सप्टेंबर १९४८ मध्ये नवे परवाने थांबविले आणि नियमांची फेरतपासणी मांडली. १९५० साली शिक्षणसंस्थांनी एक संयुक्त समिती नेमली आणि टेलफर्ड टेलर हे वकील दिले. ते पूर्वी याच आयोगाचे मुख्य वकील होते. जानेवारी १९५१ मध्ये न्यूयॉर्कमधील सातही केंद्रांचे कार्यक्रम आठवडाभर पाहून, मोजून, शिक्षणास किती वेळ मिळतो याचा हिशेब आयोगापुढे ठेवण्यात आला. आयोगाच्या पहिल्या महिला सदस्या फ्रीडा हेनॉक या स्थलांतरित कुटुंबातील होत्या. त्यांनीही हा प्रश्न नेटाने लावून धरला.

मार्च १९५१ मध्ये आयोगाने जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात शिक्षणासाठी २०९ वाहिन्या राखीव होत्या. त्यावर गावोगावच्या संस्थांनी लेखी म्हणणे पाठविले आणि एप्रिल १९५२ च्या अंतिम निर्णयात ही संख्या २४२ झाली. मे १९५३ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. राखीव वाहिनीवरील ते पहिले केंद्र होय. अर्थात सारे पदरात पडले असे नाही. २४२ पैकी १६२ वाहिन्या अशा उच्च लहरींवरील होत्या की, त्या काळच्या बहुतेक संचांवर त्या दिसतच नसत. प्रत्येक नव्या संचात ती सोय असावी, असा कायदा व्हावयास १९६२ साल उजाडले. तरीही १९३४ आणि १९५१ यांची तुलना करा. तोच आयोग, तीच मागणी. फरक होता तो एकजुटीचा आणि पुराव्याचा.

मित्रहो, आपल्या देशाचीही गोष्ट थोडी पाहू. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’, १९९७ साली स्थापन झाले. एखादा प्रश्न निघाला की ट्राय चर्चापत्र प्रसिद्ध करते, ठराविक मुदतीत लेखी अभिप्राय मागविते, त्यांवर इतरांचे प्रत्युत्तर घेते, खुली चर्चासभा भरविते आणि मग सरकारला शिफारस करते. अभिप्राय पाठविण्यास कंपनीच असले पाहिजे अशी अट नाही; कोणीही नागरिक, कोणतीही संस्था लिहू शकते. शिक्षणसंस्थांना स्वतःचे सामुदायिक रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा २००२ च्या धोरणाने मिळाली आणि २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने त्याचा आरंभ केला. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ ही आपल्या जवळची.

आपल्या समाजात अन्यायाबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. मुदतीच्या आत, मुद्देसूद, आकड्यांनिशी चार पाने लिहून पाठविणारे थोडे. पालकांनी मुलामुलींना केवळ नोकरीपुरते शिकवू नये. गणित आणि पदार्थविज्ञान जाणणारा, कायद्याची भाषा वाचणारा आणि आपले म्हणणे शांतपणे मांडणारा एकेक तरुण, एकेक तरुणी आपल्या घरांतून उभी राहिली पाहिजे. नियम रेडिओचा असो, शिष्यवृत्तीचा असो की शाळेच्या जागेचा. मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा तो वाचणारा आपला कोणीतरी असावा. इल्म मिळवावे ते यासाठीही.