प्रवचन चर्चच्या दाराबाहेर पडते तेव्हा : विश्वासार्हतेचा चारशे वर्षांचा इतिहास

🧵 १/
गोंदियातील एखाद्या लहानशा चर्चमध्ये रविवारी पाळक चाळीस मिनिटे बोलतात. समोर पन्नास माणसे असतात आणि ती एकमेकांना ओळखतात. तेच प्रवचन चित्रित होऊन, चार मिनिटांत कापले जाऊन दूरचित्रवाणीवर वा भ्रमणध्वनीवर गेले, तर अनोळखी श्रोत्याने त्यावर विश्वास का ठेवावा? हा प्रश्न कॅमेऱ्यामुळे जन्मलेला नाही. मराठीत तो किमान १६१६ पासून विचारला जात आहे.

२/
आरंभ गोव्यातील साष्टी प्रांतापासून करू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत असून त्यात कोकणीचे मिश्रण आहे.

३/
या ग्रंथाची चौकट पाहण्यासारखी आहे. साष्टीतील चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण चालू आहे. एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण उठतो आणि पाद्रीगुरूंना विनंती करतो. त्याचा आशय असा : शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे आता निषिद्ध झाली, त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास काहीतरी द्या. म्हणजे स्थानिक चर्चमधील उपदेश व्यापक माध्यमात नेण्याची मागणी श्रोत्याकडून आली, असे हा ग्रंथच सांगतो.

४/
माध्यमांतराची तांत्रिक अडचण तेव्हाही होतीच. मराठी अक्षरांचे खिळे पाडावेत अशी स्टीफन्सची इच्छा होती. १६०८ च्या पत्रात त्याने आपल्या वरिष्ठांना तसे लिहिले. खिळे झाले नाहीत, म्हणून मराठी ओवी रोमन लिपीत छापली गेली. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ग्रंथ रविवारी व सणावारी चर्चमध्ये मोठ्याने वाचला जाई. आज टिकून आहे ते मुख्यतः हस्तलिखितांच्या आधारे. लोकांनी हाताने नकला करून तो जपला.

५/
येथे विश्वासार्हतेचा पहिला धागा सापडतो : श्रोत्याची भाषा. स्टीफन्सने ओवी निवडली, कारण ती कानांना ओळखीची होती. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथेच समाधान मानू नये. ‘जुनी पुराणे निषिद्ध झाली’ या वाक्यामागे सत्ता उभी आहे. साष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावकऱ्यांच्या प्रमुखांना पोर्तुगीजांनी ठार केले. ज्या श्रोत्यास नकार देण्याची मोकळीक नाही, त्याच्या होकारास विश्वास म्हणता येईल का?

६/
आता दोन शतके ओलांडू. जून १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. व्यासपीठावरचा उपदेश येथे छापील नियतकालिकात आला. परिस्थितीही बदलली होती : मुंबईत इतर वृत्तपत्रे होती, मिशनऱ्यांच्या मतांचे जाहीर खंडन होत होते. एकाने बोलावे आणि इतरांनी केवळ ऐकावे, अशी स्थिती उरली नव्हती.

७/
‘ज्ञानोदय’चा सर्वांत संस्मरणीय मजकूर मिशनऱ्यांचा नव्हे. १८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्यात दोन अंकांत प्रसिद्ध झाला. ही मुलगी ख्रिस्ती नव्हती. वेदांवर आपला अधिकार नसेल तर आपला धर्म कोणता, असा जळजळीत प्रश्न ती विचारत होती. धर्मप्रसाराच्या पत्राने तिला जागा दिली. हा दुसरा धागा : जे माध्यम केवळ सांगत नाही, ऐकूनही घेते, त्याचा शब्द टिकतो.

८/
आता गोंदियाकडे येऊ. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा इतिहासात रेल्वेमुळे उठून दिसतो. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग गोंदियावरून राजनांदगावास जातो. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावकडे निघाले. प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी संवाद जुळला. त्याने टिळकांना ‘नव्या करारा’ची प्रत दिली आणि तो वाचावा असे सुचविले.

९/
टिळकांना त्या ग्रंथातील जे प्रथम भिडले, ते एक प्रवचनच होते : मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचन. तेथे ना चर्च होते, ना वक्ता, ना जमाव. होते केवळ छापील पान आणि चिकित्सक वाचक. टिळकांनी पुढे दीर्घकाळ अभ्यास केला, शंका काढल्या आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना या निर्णयाने किती सोसावे लागले, ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. दूरवर पोचलेले प्रवचन घरे हलवू शकते. म्हणून ते पोचविणाऱ्याची जबाबदारी मोठी असते.

१०/
टिळकांनी स्वतः उपदेशाचे माध्यम बदलले. अहमदनगर परिसरात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान दिले. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. ‘हा पगारासाठी बोलतो’ असे म्हणावयास मग जागा उरली नाही. तिसरा धागा हाच : पैसा कोठून येतो, हे श्रोत्यास स्वच्छ दिसले पाहिजे.

११/
याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले. २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून चर्चमधील उपासना प्रथमच नभोवाणीवर गेली. तीन दशकांनी दूरचित्रवाणी आली आणि धर्मोपदेशक घराघरांत पोचले. देणग्याही पडद्यावरूनच मागितल्या जाऊ लागल्या. १९८७ मध्ये जिम बेकर या विख्यात दूरचित्रवाणी-धर्मोपदेशकास पद सोडावे लागले आणि १९८९ मध्ये देणगीदारांच्या फसवणुकीबद्दल तो दोषी ठरला. गावातल्या चर्चच्या हिशेबावर दहा शेजाऱ्यांची नजर असते. पडद्यापलीकडच्या हिशेबावर कोणाची?

१२/
महाराष्ट्रात मुद्रित माध्यमाचा एक अधिक निरोगी नमुना वसईत दिसतो. तेथील ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ पर्यंत केले. श्रद्धेबरोबरच पर्यावरण, गुंडगिरी, साहित्य हे विषय त्यांच्या लेखनात आले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका धर्मगुरूचा शब्द आपल्या समाजाबाहेर ऐकला गेला, तो त्या समाजाच्या जगण्याशी बांधलेला राहिल्यामुळे.

१३/
दूरचित्रवाणीला कायद्याची चौकटही आहे. केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियम १९९५ चा. त्याच्या नियमांतील कार्यक्रमसंहिता कोणत्याही धर्मावर हल्ला करणारे किंवा अंधश्रद्धेस उत्तेजन देणारे कार्यक्रम वर्ज्य ठरविते. चमत्काराने रोगमुक्तीच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय अधिनियमाने आळा घातला. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. तथापि कायदा खोटे थांबवितो. विश्वास निर्माण करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

१४/
मग गोंदियासारख्या ठिकाणी स्थानिक प्रवचनांतून कार्यक्रम घडवावयाचा, तर इतिहास काय सुचवितो?

• भाषा : हा जिल्हा एकभाषी नाही. मराठीसोबत झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि गोंडी येथे कानांवर पडतात. भाषांतर करताना वक्त्याने न बोललेले शब्द पट्टीवर येऊ नयेत.
• संदर्भ : कापलेल्या चार मिनिटांसोबत पूर्ण प्रवचन उपलब्ध असावे. अर्ध्या वाक्याचा अर्थ अनेकदा पूर्ण वाक्याच्या विरुद्ध असतो.
• उत्तरदायित्व : कोण बोलले, कोठे, कोणत्या दिवशी, संपादन कोणी केले, खर्च कोणी केला, हे पडद्यावर दिसावे.
• संमती : आपल्या आजाराची वा कौटुंबिक दुःखाची साक्ष एखादी बाई पन्नास परिचितांसमोर देते, तेव्हा तिने पन्नास हजारांसमोर बोलण्यास होकार दिलेला नसतो.
• प्रत्युत्तर : शंका विचारण्याची आणि चूक दाखविण्याची वाट खुली असावी.

१५/
यांतील चौथा मुद्दा मला सर्वांत नाजूक वाटतो. छापखान्याच्या काळात श्रोता अदृश्य होता. कॅमेऱ्याने त्यालाच दृश्य केले. २०२० च्या टाळेबंदीत देशभरातील चर्चनी उपासना थेट प्रक्षेपित केली, तेव्हा हा बदल लहान गावांतही पोचला. जेथे समाज संख्येने थोडा आहे आणि धर्मांतराचा विषय तापलेला आहे, तेथे प्रार्थनेत डोळे मिटून बसलेल्या माणसाचा चेहरा प्रसारित करणे ही साधी तांत्रिक बाब राहत नाही. त्याची किंमत त्यास शेजारी, दुकानात, नात्यात मोजावी लागू शकते.

१६/
स्टीफन्सच्या काळी श्रोत्यास नकाराची मोकळीक नव्हती. मुक्ता साळवेने प्रश्न विचारला आणि तो छापला गेला. टिळकांनी गिरिप्रवचन एकांतात वाचले, शंका घेतल्या आणि मग ठरविले. या तिन्ही प्रसंगांना एकच कसोटी लावून पाहा : श्रोत्यास ‘नाही’ म्हणता येत होते काय? ज्या कार्यक्रमात ते म्हणता येते, त्याचा होकारही खरा मानता येतो. हे केवळ ख्रिस्ती प्रवचनांना लागू नाही. कीर्तन, प्रवचन, बयान, धम्मदेसना, जे जे पडद्यावर येते त्या सर्वांना लागू आहे.

आपल्या गावातील जुनी धार्मिक मासिके, कीर्तनांच्या वह्या, ध्वनिफिती कोणाकडे असतील, तर त्या जपून ठेवा आणि त्यांवर तारीख, स्थळ, वक्त्याचे नाव लिहून ठेवा. उद्याच्या संशोधकास विश्वासार्ह साधन म्हणतात ते हेच. धागा समाप्त. 🙏