गिरडचा दगड

गिरडच्या टेकडीवर चढताना खाली वाका आणि एक गोल दगड उचला. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या या गावाची आख्यायिका अशी की, शेख फरीद बाबांची टिंगल करणाऱ्या फिरस्त्या व्यापाऱ्यांचा हा माल. बाबांच्या शापानं त्याचे दगड झाले. भूगर्भशास्त्र यांना झिओलाइटचे गोळे म्हणतं. दोन्ही ऐकून घ्या आणि मूठ मिटा.

आता रस्त्याकडे बघा. काळ मागे सरकलाय : डांबर नाहीसं झालंय, उरलीय नुसती खडी. 31 ऑगस्ट 1952. 1871च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्या आज कागदावर सुटल्या. पुढे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आणि कैकाडी ही दोन्ही नावं असतील. वडारांच्या कित्येक पिढ्या दगड फोडण्यात गेल्या. त्याच समाजात 1977 साली, सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, जेऊरला एक मुलगा जन्मतो. नागराज मंजुळे.

वर्षं भराभर सरतात. अहमदनगरच्या कॉलेजात जनसंज्ञापन शिकताना त्यानं केलेला ‘पिस्तुल्या’ हा लघुपट तुमच्यासमोरून जातो : चोरीला जुंपलेलं, शाळेकडे ओढ घेणारं पोर. 2010च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची नोंद होते. फेब्रुवारी 2016ला तुम्ही बर्लिनच्या महोत्सवात त्याचा ‘सैराट’ बघता. 2022ला ‘झुंड’मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं अमिताभ बच्चनसमोर अजिबात न बुजता उभी राहतात. त्याच सिनेमात एक आदिवासी मुलगी ओळखीच्या कागदासाठी बापाबरोबर वणवण करते. तिचं तेवढं मनात राहू द्या, कारण कागद आपल्याला पुन्हा लागणार आहे.

पण थांबायचं ते 14 फेब्रुवारी 2014ला. बाहेर व्हॅलेंटाइनची गुलाबं, आत थिएटरात अंधार. नागराजचा ‘फँड्री’.

कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. कैकाडी घरातला पोरगा जब्या डुकरामागे धावतोय, सगळं घर धावतंय. गाव बसून मजा बघतंय, मोबाइलवर टिपतंय. त्याला आवडणारी शालूही त्या हसणाऱ्यांत आहे. डुक्कर अगदी हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. त्याचा बापही. किशोर कदमांच्या चेहऱ्यावरची त्या क्षणाची घालमेल बघा. डुक्कर पळून जातं. थिएटरात कुणी हसतं, मग ते हसू घशातच अडकतं. शेवटी बांबूला टांगलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जब्या आणि त्याची बहीण शाळेच्या भिंतीसमोरून जातात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज आणि आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा. कॅमेरा त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. मराठी सिनेमात याहून मोठी चौकट मी पाहिलेली नाही.

आणि तो कागद. जब्याचं घर वर्धा जिल्ह्यात असतं, तर तो अनुसूचित जातीत मोडला असता. कैकाडी विदर्भाच्या जुन्या जिल्ह्यांत अनुसूचित जाती, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त. माणूस तोच, हाक तीच, फक्त जिल्ह्याची हद्द ओलांडली की दाखला बदलतो. नागराजनं जब्याला कैकाडी केलं तेव्हा ही यादी त्याच्या डोक्यात होती की नाही, याला महत्त्व नाही. हिंगणघाटच्या बाजारातून गिरडला येताना, वेशीबाहेरच्या घराजवळ मला मात्र ती दर वेळी आठवते.

पडद्यावर टवाळी वाढत जाते. जब्या डुक्कर खाली टाकतो, वाकतो, दगड उचलतो. पहिला दगड टवाळांवर. मग तो पुन्हा वाकतो. या खेपेला त्याची नजर गावाकडे नाही, सरळ तुमच्याकडे आहे. तुम्ही खुर्चीत मागे सरकता. दगड येतो, मोठा होत होत सगळा पडदा व्यापतो.

काळोख. तुमच्या मुठीतला गिरडचा दगड घामानं ओला झालाय.