‘लागणे’ची कुळकथा

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शिवारात पावसाळ्याच्या तोंडाला गादीवाफ्यावर हळदीचं बेणं लावतात. पाऊस वेळेवर लागला, बोअरला पाणी लागलं, तर पीक जोमात. कंदमाशी लागली की मुसळ केरात. पुढं काढणीला माणसं लागतात, शिजवायला सरपण लागतं आणि शेवटी हिंगोलीच्या मोंढ्यात काय भाव लागतो याचा घोर लागतो. एका पिकापायी एकच क्रियापद किती राबतं!

इंग्रजीत अशीच ख्याती ‘सेट’ची. ऑक्सफर्डच्या 1989च्या कोशात या क्रियापदाचे चारशेच्या वर अर्थ आहेत. मुळात ते ‘सिट’चं प्रयोजक, म्हणजे ‘बसवणे’. आपल्याकडे ‘लागणे’ला ‘लावणे’ आहे, तसंच.

‘लागणे’चं मूळ संस्कृतातला ‘लग्’ धातू, अर्थ चिकटणे. त्याचं ‘लग्न’ म्हणजे चिकटलेलं. ‘अग्नि’चा प्राकृतात ‘अग्गि’ आणि मराठीत ‘आग’ झाला, त्याच वाटेनं ‘लग्न’चा ‘लग्ग’ आणि पुढं ‘लाग’ झाला. ज्योतिषांनी मात्र ‘लग्न’ जसंच्या तसं ठेवलं: पूर्व क्षितिजाला टेकलेली रास ते लग्न. त्या राशीवरून धरलेल्या मुहूर्ताचं नाव विवाहविधीलाच पडलं. म्हणजे ‘लग्न लागलं’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो, आणि कुणाला पुनरुक्ती खटकत नाही.

चिकटण्यावरून अर्थ कुठल्या कुठं गेले. टेकलं तर ठेच लागते, वाटेत गाव लागतं, भात बुडाला लागतो. नात्यात ‘तो तुझा कोण लागतो?’ पोर रडू लागतं तिथं सुरुवात, तालुक्याला जावं लागतं तिथं सक्ती. फलाटाला गाडी लागते, मग आतल्या माणसाला गाडी लागते. परक्यानं काय समजावं? हिंगोली जिल्ह्यातल्याच नर्सीच्या नामदेवांच्या काळी ‘लागी’ हे शब्दयोगी अव्यय होतं. ‘तुजलागी’ म्हणजे तुझ्यासाठी. आजचा ‘ला’ प्रत्यय त्यातूनच आला असं काही अभ्यासक मानतात, सगळे नाहीत.

‘सेट’ही आता मराठीत शिरला आहे. पण त्याला इथं एकट्यानं निभावता आलेलं नाही: लोक ‘सेटिंग लावतात’.