पालक, प्रशिक्षक आणि क्लब : अमेरिकेतील कुमार सॉकरच्या संघटनेतील एका विसंगतीचा इतिहास

क्रीडेचा इतिहास लिहिताना सामने, विजेते आणि नामांकित खेळाडू यांच्याकडेच सामान्यतः लक्ष जाते. मैदानाच्या कडेला उभे राहणारे पालक आणि हंगाम संपताच निरोप घेणारा प्रशिक्षक हे इतिहासाचे विषय होऊ शकतात, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटण्याचा संभव आहे. तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या साठ वर्षांत वाढलेल्या कुमार सॉकर क्लबांकडे पाहिले असता संस्थांच्या अभ्यासातील एक मूलभूत प्रश्न तेथे स्पष्ट रूपात आढळतो. जो पैसा देतो, जो कारभार पाहतो आणि ज्याच्या हितासाठी हा सर्व उद्योग चालतो, ते तीन पक्ष एकच नसतील तर शिक्षक नेमका कोणाला उत्तरदायी असतो? या क्लबांत प्रशिक्षक वारंवार बदलतात आणि पालकांत गट पडतात, ही तक्रार जुनी आहे. तिचा दोष बहुधा पालकांच्या उतावीळ स्वभावावर टाकला जातो. स्वभाव सर्वकाळी सारखाच असतो. संस्था मात्र बदलतात. म्हणून या अस्थैर्याचे मूळ संस्थेच्या रचनेत शोधणे अधिक युक्त होय.

१. पूर्वपीठिका

अमेरिकेत मुलांचा सॉकर प्रथम रुजला तो स्थलांतरितांच्या वस्त्यांत. न्यू जर्सीमधील कर्नी येथे दोऱ्याच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्कॉटिश व आयरिश कुटुंबांनी तो आणला. सेंट लुई येथे कॅथलिक पॅरिशांनी त्याला आश्रय दिला. १९५० च्या विश्वचषकात बेलो होरिझोंटे येथे इंग्लंडचा १-० असा पराभव करणाऱ्या अमेरिकन संघातील अकरांपैकी पाच खेळाडू सेंट लुईचे होते, यावरून त्या व्यवस्थेची फलश्रुती ध्यानात यावी.

या व्यवस्थेत प्रशिक्षकाचा अधिकार समाजाकडून येत असे. तो पॅरिशचा स्वयंसेवक असे किंवा त्याच वस्तीतील जुना खेळाडू असे. मुलाचा बाप त्याला गिरणीत भेटे, प्रार्थनामंदिरात भेटे. मतभेद होत नसत असे नव्हे. परंतु मुलाला काढून दुसऱ्या संघात घालणे म्हणजे एका अर्थाने वस्तीपासून फारकत घेणे होते. पालक हा तेथे ग्राहक नव्हता. आपल्याकडील तालमीत वस्तादाचे जे स्थान, त्याच्याशी या प्रशिक्षकाच्या स्थानाचे काही अंशी साम्य होते.

२. स्वयंसेवक पालकाचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्ग शहरांबाहेरील नव्या उपनगरांत राहावयास गेला आणि मुलांच्या क्रीडेचे संघटन प्रौढांनी हाती घेतले. बेसबॉलच्या बाबतीत हे कार्य १९३९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे स्थापन झालेल्या लिटल लीगने आधीच सुरू केले होते. सॉकरच्या क्षेत्रात १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे ‘अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन’ ही संस्था निघाली. आरंभी तिच्यात अवघे नऊ संघ होते.

या संस्थेचे नियम या विवेचनात विशेष महत्त्वाचे आहेत. प्रत्येक मुलाने प्रत्येक सामन्याचा निदान अर्धा भाग खेळलाच पाहिजे. नाव नोंदविणाऱ्या कोणालाही प्रवेश नाकारू नये. आणि संघांचे बळ समान राहावे म्हणून खेळाडूंची वाटणी पुनःपुन्हा करावी, अशी तिची तत्त्वे होती. प्रशिक्षक हा कोणाचा तरी पिता किंवा माता असे आणि त्याला मानधन नसे. संघच कायम नसल्यामुळे प्रशिक्षक टिकतो की जातो या प्रश्नाला तेथे धार नव्हती. पक्षपाताची तक्रार होई ती प्रशिक्षकाने स्वतःच्या मुलाला झुकते माप दिल्याची. परंतु सक्तीचा समान सहभाग आणि संघांची फेरवाटणी या दोन नियमांनी त्या पक्षपाताला मर्यादा घातली होती. वादाचे कारण नाहीसे करता येत नसेल तर वादातून मिळणारे फळ लहान करावे, हे त्यातील शहाणपण होते.

ही व्यवस्था सर्वांशाने समतेची होती असे मात्र म्हणता येत नाही. समाजशास्त्रज्ञ मायकेल मेसनर यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील बाल-क्रीडेचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात प्रशिक्षकपदे बहुतांशी पित्यांकडे आणि फराळ, दूरध्वनी, वेळापत्रक यांची अदृश्य कामे मातांकडे जात असल्याचे दाखवून दिले आहे.

३. वेतनभोगी प्रशिक्षकाचा उदय

१९७० नंतर परिस्थिती पालटली. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याने सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदावर बंदी घातली आणि विद्यापीठांत मुलींच्या खेळांना आधार मिळाला. १९८२ मध्ये विद्यापीठांची पहिली राष्ट्रीय महिला सॉकर स्पर्धा एन. सी. ए. ए. ने भरविली. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात दाखल झाला आणि खेळाकडे लोकांचे लक्ष वेधले. १९७४ मध्ये राज्यवार संघटनांना एकत्र आणणारी राष्ट्रीय कुमार संघटना स्थापन झाली. त्याच सुमारास राष्ट्रीय महासंघाने प्रशिक्षकांसाठी परवाने देणारे वर्ग सुरू केले, आणि प्रशिक्षण हा अर्हता लागणारा व्यवसाय ठरू लागला.

या प्रवाहांच्या संगमातून ‘प्रवासी’ अथवा स्पर्धात्मक क्लब जन्मास आला. त्यात प्रवेश निवड-चाचणीने मिळे. सामने दूरच्या गावी होत. आणि प्रशिक्षकाला वेतन असे. त्यामागे पालकांच्या मनात विद्यापीठीय शिष्यवृत्तीची आशा असे. ही आशा कितपत वास्तव होती, हे आकड्यांवरून कळते. विद्यापीठीय क्रीडेच्या पहिल्या श्रेणीत दीर्घकाळपर्यंत एका विद्यापीठाला पुरुष सॉकर संघासाठी ९.९ आणि महिला संघासाठी १४ पूर्ण शिष्यवृत्त्या एवढीच मर्यादा होती, आणि त्याही अनेक खेळाडूंत अंशतः विभागल्या जात. पुढे १९९४ चा विश्वचषक अमेरिकेत झाला, १९९६ मध्ये ‘मेजर लीग सॉकर’ सुरू झाली, आणि १० जुलै १९९९ रोजी पॅसाडीना येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पाहण्यास नव्वद हजारांवर प्रेक्षक जमले. स्पर्धात्मक क्लबांची आकांक्षा या घटनांनी अधिकच वाढविली.

येथेच प्रस्तुत विषयातील विसंगतीचा उगम आहे. प्रशिक्षक व्यावसायिक झाला, परंतु क्लबाचे शासन पूर्वीचेच राहिले. हे क्लब बहुधा नफा न वाटणाऱ्या संस्था म्हणून नोंदलेले असत, आणि त्यांच्या नियामक मंडळावर पालकच स्वयंसेवक म्हणून बसत. स्वयंसेवेच्या काळात पालक हाच प्रशिक्षक असल्यामुळे हे स्वाभाविक होते. नव्या काळात मात्र तोच पालक एकाच वेळी शुल्क भरणारा ग्राहक, प्रशिक्षकाची नेमणूक करणारा मालक आणि संघातील एका मुलाचा कैवारी बनला. एकाच व्यक्तीने तीन आसनांवर बसावे, अशी ही रचना होती.

४. अस्थैर्याची यंत्रणा

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, संस्थेच्या कामगिरीविषयी असंतुष्ट झालेल्या मनुष्यापुढे संस्था सोडणे किंवा आतून आवाज उठविणे हे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा ही त्यांपैकी पहिल्याला आवर घालते. कुमार सॉकर क्लबात ही तिन्ही तत्त्वे एका विशिष्ट रीतीने कार्य करतात.

उदाहरणादाखल बारा वर्षांच्या मुलींच्या एका संघाची कल्पना करावी. वसंतात निवड-चाचणी होते आणि वर्षभराचे शुल्क ठरते. वरच्या श्रेणीच्या संघांत प्रवासखर्चासह ते हजारो डॉलरपर्यंत जाते. शरद ऋतूत संघ चार सामने हरतो. ज्यांच्या मुलींना मैदानावर कमी वेळ मिळतो, ते पालक प्रशिक्षकाच्या निवडीवर आक्षेप घेतात. ज्यांच्या मुली नेहमी खेळतात, ते दुर्बल खेळाडूंना संघात ठेवल्याचा आक्षेप घेतात. दोन्ही गटांची माणसे नियामक मंडळावर असतात. मंडळापुढे तीन मार्ग उरतात. पालकांना समजावण्यास वेळ लागतो. रुसलेल्या कुटुंबांना जाऊ दिल्यास उत्पन्न घटते. प्रशिक्षक बदलणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. अशा रीतीने कोणीही विशेष दुष्ट नसतानाही वर्षाअखेर प्रशिक्षक निरोप घेतो.

प्रशिक्षकाची बाजूही अशीच बांधलेली असते. अनेकांचे हे काम अर्धवेळ असते. उपजीविकेसाठी ते दोन-तीन संघ सांभाळतात किंवा शाळेत अथवा विद्यापीठात दुसरी नोकरी करतात. त्यांचा करार बहुधा हंगामापुरता असतो. शेजारच्या क्लबाने अधिक वेतन देऊ केले तर ते जातात, आणि कधीकधी संघातील बरीच कुटुंबेही त्यांच्यामागे जातात. निष्ठा क्लबावर न राहता व्यक्तीवर राहते. म्हणून प्रशिक्षक गेला की संघही फुटतो.

या यंत्रणेतील आर्थिक दुवा दुर्लक्षिला जाऊ नये. २००१ पासून अमलात असलेल्या फिफाच्या नियमांनुसार खेळाडू पुढे व्यावसायिक झाला असता त्याला घडविणाऱ्या क्लबास मोबदल्याचा वाटा मिळावयास हवा. अमेरिकन महासंघाने कायदेशीर अडचणींचा आधार घेऊन ही तरतूद देशात दीर्घकाळ लागू केली नाही. डिआंड्रे येडलिन हा खेळाडू इंग्लंडमधील टॉटनमकडे गेला, तेव्हा वॉशिंग्टन राज्यातील ‘क्रॉसफायर’ या कुमार क्लबाने फिफापुढे दावा मांडला, तो याच कारणाने. जेथे चांगल्या शिक्षणाचे फळ दहा वर्षांनी क्लबाच्या पदरात पडत नाही, तेथे क्लबाला पुढील वसंतातील शुल्काचाच विचार करावा लागतो. दीर्घदृष्टी ठेवावी असा उपदेश अशा क्लबास करणे व्यर्थ होय.

५. वरून आलेले फेरबदल

पालकांवर अस्थैर्याचा ठपका ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थांनीही स्थैर्याचा आदर्श घालून दिला असे दिसत नाही. २००७ मध्ये महासंघाने मुलांसाठी ‘डेव्हलपमेंट अकॅडमी’ सुरू केली. २०१२ पासून तिच्या खेळाडूंना शालेय संघांतून खेळण्यास बहुतांशी मज्जाव झाला. मुलींसाठी २००९ मध्ये क्लबांनी स्वतंत्र राष्ट्रीय लीग काढली होती, तरी महासंघाने २०१७ मध्ये तिच्याशी स्पर्धा करणारी मुलींची अकॅडमी उभारली. एप्रिल २०२० मध्ये ही संपूर्ण योजना बंद करण्यात आली, आणि ‘मेजर लीग सॉकर’ने मुलांसाठी नवी लीग उभी केली. वयोगटांचेही असेच झाले. २०१५ मध्ये जन्मवर्षानुसार गट करण्याचा निर्णय जाहीर झाल्यामुळे एका वर्गात शिकणाऱ्या मुलांचे संघ मोडले. २०२५ मध्ये प्रमुख संघटनांनी २०२६-२७ च्या हंगामापासून शालेय वर्षाशी जुळणाऱ्या गटांकडे परतण्याचे ठरविले. असा प्रत्येक बदल कुटुंबांना क्लब बदलण्याचे नवे निमित्त देतो, आणि प्रशिक्षकाला नव्याने संघ जमविण्यास भाग पाडतो.

६. दुसरी बाजू

यावरून पालकांना दूर ठेवावे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तसे प्रयत्नही झाले आहेत. ऑक्टोबर १९९९ मध्ये उत्तर ओहायोमधील मुलींच्या एका लीगने एक रविवार ‘मौनाचा’ म्हणून पाळला. त्या दिवशी कडेला उभ्या असलेल्या प्रौढांनी ओरडावयाचे नव्हते. असे प्रयोग पुढे अन्यत्रही झाले. मैदानावरील सभ्यतेसाठी ते उपयुक्त असतील; परंतु मौन हे शासनाचे तत्त्व होऊ शकत नाही.

याचे कारण ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅली येट्स यांच्या अहवालात सापडते. व्यावसायिक महिला सॉकरमधील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या या अहवालाने त्यांची मुळे कुमार सॉकरच्या संस्कृतीपर्यंत पोचतात असे नोंदविले, आणि तक्रारी झालेले प्रशिक्षक एका संघातून दुसऱ्या संघात गाजावाजा न होता कसे गेले, हेही उघड केले. अल्पवयीन खेळाडूंच्या अत्याचाराची वर्दी देणे क्रीडासंस्थांतील प्रौढांवर बंधनकारक करणारा कायदा त्यापूर्वीच, २०१८ मध्ये, अमलात आला होता.

या प्रकाशात प्रशिक्षकांच्या वारंवार बदलीचा अर्थ पालटतो. जो क्लब चार पराभवांसाठी प्रशिक्षकाला काढतो आणि जो क्लब गंभीर तक्रारीनंतर त्याला शांतपणे जाऊ देतो, त्या दोघांच्या दप्तरात एकच नोंद राहते : परस्पर संमतीने संबंध संपुष्टात आले. क्षुल्लक कारणाने होणारे निरोप इतके नित्याचे झाले की गंभीर कारणाने झालेला निरोप त्यांत लपून जातो. तसेच खेळण्याच्या वेळेविषयीच्या तक्रारींचा कोलाहल इतका असतो की खऱ्या धोक्याची सूचना देणारा एखादा पालकही गटबाजी करणाराच समजला जातो.

उपसंहार

वरील इतिहासावरून असे दिसते की, पॅरिशच्या काळात प्रशिक्षकाला समाजाने बांधले होते, स्वयंसेवेच्या काळात नियमांनी; स्पर्धात्मक क्लबाने ती दोन्ही बंधने सैल केली आणि त्यांच्या जागी केवळ वार्षिक शुल्काचे बंधन ठेवले. पालकांचे राजकारण हे त्या रिकाम्या जागेत वाढलेले तण आहे. ते उपटण्याने जागा भरत नाही. खेळण्याच्या वेळेचे नियम आधी लेखी ठरविणे, प्रशिक्षकाच्या नेमणुकीचा अधिकार त्याच संघातील पालकांच्या हाती न ठेवणे, आणि शिक्षणविषयक तक्रार व सुरक्षिततेविषयक तक्रार यांचे मार्ग वेगळे करणे, या गोष्टी स्वभावसुधारणेपेक्षा अधिक साध्य आहेत. त्यांपैकी पहिलीचे बीज तर १९६४ च्या त्या नऊ संघांच्या नियमांतच होते.

या साठ वर्षांच्या वादात एका पक्षाचा आवाज मात्र फारसा नोंदला गेलेला नाही. पालकांना मत होते, प्रशिक्षकाला दुसरा क्लब होता, महासंघाला नवी योजना होती. ज्या मुलीसाठी हे सर्व चालले होते, तिला बहुधा पुढील हंगामात नव्या माणसाकडून तोच चेंडू पुन्हा अडविण्यास शिकावे लागले. क्लबांच्या इतिहासाचे यापुढील लेखन तिच्या बाजूने सुरू व्हावयास हवे.