पोटगी आणि दुसरा संसार

एका पुरुषाच्या मिळकतीवर दोन घरांचा हक्क उत्पन्न झाला, म्हणजे कोणत्या घराचें ताट आधीं वाढावयाचें, हा प्रश्न आजचा नाहीं. पहिल्या पत्नीस पोटगी देत असतां दुसरा विवाह करणारा गृहस्थ आज वकिलाकडे जातो. प्राचीन काळीं तो धर्मस्थांपुढें उभा राहत असे. मधल्या काळांत विवाहाची कल्पना बदलली, न्यायासनें बदललीं. परंतु नव्या संसाराचें रक्षण जुनें देणें फेडून करावयाचें कीं बुडवून, या प्रश्नाचें उत्तर मात्र फारसें बदललेलें नाहीं.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत याविषयीं नियमच घालून दिले आहेत. अपत्य न झाल्यास आठ वर्षें, मृत अपत्येंच होत असल्यास दहा, आणि केवळ कन्याच झाल्यास बारा वर्षें पतीनें थांबावें, व मगच पुत्रासाठीं दुसरी स्त्री करावी. हा नियम मोडणारास शुल्क, स्त्रीधन आणि भरपाईची अर्धी रक्कम द्यावी लागे. शिवाय चोवीस पणांपर्यंत दंड होई. कन्या होणें हा स्त्रीचा दोष मानणारी ही दृष्टि आज कोणासही पटणार नाहीं. तथापि दुसरें लग्न ही विनामूल्य मिळणारी गोष्ट नव्हे, हें तत्त्व तींत स्वच्छ दिसतें.

या भरपाईस शास्त्रांत ‘आधिवेदनिक’ असें नांव आहे. याज्ञवल्क्य म्हणतो कीं, जिच्यावर सवत आणली तिला स्त्रीधन दिलेलें नसेल तर समान रक्कम द्यावी, व दिलेलें असेल तर अर्धी द्यावी. समान म्हणजे कशाच्या समान? कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत, विक्रमादित्याच्या काळीं, मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें याचें उत्तर दिलें आहे: दुसऱ्या विवाहास जितका खर्च झाला तितकी. ‘अर्धी’ या शब्दाचा अर्थही त्यानें निम्मी असा केला नाहीं. पूर्वीं दिलेल्या स्त्रीधनांत जेवढी भर घातली असतां बरोबरी होईल तेवढी, असा केला. नव्या मांडवांत जितकें उधळाल तितकेंच जुन्या घरीं मोजाल, असा हा हिशेब होता. उधळपट्टीस याहून चांगला लगाम सुचणें कठीण. आज्ञाधारक, कर्तबगार, पुत्रवती व मधुरभाषिणी पत्नीस टाकणाऱ्या पतीकडून धनाचा तिसरा हिस्सा देववावा, आणि तो निर्धन असल्यास निदान तिचें भरणपोषण करवावें, असेंही याज्ञवल्क्यानें सांगितलें आहे.

इंग्रजी अमलांत या प्रश्नास फौजदारी कायद्याची जोड मिळाली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८८ व्या कलमान्वयें मॅजिस्ट्रेटला दरमहा ५० रुपयांपर्यंत पोटगी ठरवितां येई. १९२३ मध्यें ही मर्यादा १०० झाली, व १९५५ मध्यें ५०० झाली. परंतु केवळ पतीनें दुसरें लग्न केलें एवढ्यावरून हिंदु पत्नीस वेगळें राहून पोटगी मागतां येत नसे. ही उणीव १९४६ च्या मध्यवर्ती कायद्यानें दूर केली. त्याच वर्षीं मुंबई प्रांतानें हिंदूंतील द्विभार्या विवाह बेकायदा ठरविले, आणि १९४७ मध्यें घटस्फोटाचा कायदा केला. द्विभार्याबंदीस आव्हान दिलें गेलें, तेव्हां १९५१ सालीं मुख्य न्यायमूर्ति छागला व न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं ती वैध ठरविली. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें हेंच तत्त्व देशव्यापी झालें. आतां सवत राहिली नाहीं. तिच्या जागीं घटस्फोटित पत्नी आली, आणि आधिवेदनिकाच्या जागीं या कायद्याच्या २५ व्या कलमाची पोटगी आली. न्यायालय तिचा बोजा स्थावर मिळकतीवर ठेवूं शकतें, परिस्थिति पालटल्यास रक्कम बदलूं शकतें, आणि पोटगी घेणाराचा पुनर्विवाह झाल्यास ती रद्दही करूं शकतें.

मग नव्या घराचें रक्षण कसें व्हावें? कायद्यानें त्याची सोयही ठेवली आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यान्वयें पत्नी व मुलें यांच्या नांवें उतरलेला आयुर्विमा हा त्यांचा विश्वस्त निधि होतो. पतीच्या मिळकतींत त्याची गणना होत नाहीं. १९२३ पासून हा लाभ हिंदूंसही सर्वत्र मिळूं लागला. मात्र धनकोंस फसविण्याच्या हेतूनें विमा उतरल्यास हें संरक्षण ढळतें. दुसऱ्या पत्नीचें स्वतःचें धन व तिची कमाई ही तिचीच. परंतु ज्या स्थावराच्या उत्पन्नांतून पोटगी घेण्याचा कोणास हक्क आहे, तें स्थावर नव्या घरास बक्षीस दिलें, तरी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याप्रमाणें तो हक्क बक्षीस घेणाराच्या मागें जातो. पगाराचेंही तसेंच आहे. इतर देण्यांसाठीं पगाराचा मोठा भाग जप्तींतून सुटतो; पोटगीच्या हुकूमनाम्यांत मात्र एक तृतीयांशच सुटतो.

तथापि न्यायालयें दुसऱ्या संसाराकडे डोळेझांक करीत नाहींत. पश्चिम बंगालमधील एका खटल्यांत उच्च न्यायालयानें पोटगी १६,००० वरून २३,००० रुपये केली होती. पतीनें पुनर्विवाह केला असून त्यास अपत्य आहे, हें ध्यानीं घेऊन सर्वोच्च न्यायालयानें २०१७ मध्यें ती २०,००० वर आणली. नवें घर हें पोटगी कमी होण्याचें कारण झालें, ती बुडविण्याचें नव्हे. ४ नोव्हेंबर २०२० रोजीं त्याच न्यायालयानें उभय पक्षांनीं आपली मिळकत, मालमत्ता व देणीं प्रतिज्ञापत्रावर उघड करावीं, असा दंडक घातला. फौजदारी पोटगीची मर्यादा २००१ मध्यें उठली असून, १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमांत आली आहे.

विज्ञानेश्वराचा हिशेब आणि आजचें प्रतिज्ञापत्र यांत सुमारें नऊ शतकांचें अंतर आहे. दोहोंचें सांगणें मात्र एकच. लपविलेल्या पैशावर उभारलेलें घर एका अर्जानें हादरतें. पहिल्या घराचें देणें प्रथम मांडून, त्यांत बदल हवा असल्यास तो न्यायालयाकडून करवून घेऊन, उरल्या मिळकतींत नवा संसार थाटणें हाच त्या संसाराचा खरा विमा होय. आणि तेथें येणाऱ्या स्त्रीसही आपल्या वांट्यास काय येणार, हें लग्नापूर्वींच कळणें हा तिचा हक्क आहे.