तात्पुरत्या दंतपूरणाचे बलमापन : एक ऐतिहासिक विचार

दंतवैद्यकाच्या इतिहासात कायम टिकणाऱ्या पूरणद्रव्यांना जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे तात्पुरत्या द्रव्यांना मिळाले नाही. वस्तुतः काही दिवसांनी वा आठवड्यांनी काढून टाकावयाच्या द्रव्याची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न अधिक बिकट आहे. कायमचे पूरण जितके बळकट तितके चांगले, असे स्थूलमानाने म्हणता येते; तात्पुरत्या पूरणाविषयी तसे म्हणता येत नाही. ही जाणीव परीक्षापद्धतीत कशी उतरली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१८४७ साली अमेरिकेत एसा हिल याने गट्टापर्चात चुन्याचे कार्बोनेट व गारेची भुकटी मिसळून एक पूरणद्रव्य तयार केले. उष्णतेने ते मऊ होई व खळग्यात दाबून बसविता येई. परंतु चर्वणाच्या दाबाखाली ते झिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झिंक ऑक्साइड व लवंगतेल यांचा लगदा प्रचारात आला. दातदुखीवरील लवंगेचा उपाय महाराष्ट्रातही घरोघरी ठाऊक आहे; तिच्या तेलातील मुख्य घटक जो युजेनॉल, त्याचा झिंक ऑक्साइडशी संयोग होऊन लगदा घट्ट बनतो. मात्र पाण्याच्या सान्निध्यात या संयुगाचे हळूहळू विघटन होते, आणि त्याचे बलही बेताचेच असते. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास राळ, बहुवारिके व एथॉक्सिबेंझोइक आम्ल मिसळून ते वाढविण्याचे प्रयत्न झाले.

बल वाढविता येऊ लागताच ते किती असावे हा प्रश्न पुढे आला. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या ३० क्रमांकाच्या मानकाने या सिमेंटाचे चार प्रकार ठरविले. तात्पुरत्या जोडणीच्या सिमेंटाचे संपीडनबल ३५ मेगापास्कलहून अधिक नसावे, तर कायम जोडणीच्या सिमेंटाचे ३५ हून कमी नसावे, असा दंडक घालण्यात आला. तात्पुरत्या पूरणासाठी किमान २५ मेगापास्कलची अपेक्षा होती. एकच आकडा एका प्रकारास कमाल व दुसऱ्यास किमान मर्यादा ठरला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तात्पुरती टोपी फार घट्ट बसली तर ती काढताना खालच्या दातास इजा होण्याचा संभव असतो. तेथे दुर्बलता हाच गुण होय.

संपीडनबल हा एकमेव निकष नव्हे, हे कॅव्हिट या द्रव्याने स्पष्ट केले. झिंक ऑक्साइड व कॅल्शियम सल्फेट यांचे हे तयार मिश्रण लाळेतील ओलाव्याने घट्ट होते. वाइडरमन, ईम्स व सेरीन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात त्याचे संपीडनबल झिंक ऑक्साइड-युजेनॉलच्या सुमारे निम्मे आढळले. उलट त्याचे रेखीय प्रसरण १४.२ टक्के, तर दुसऱ्याचे ८.४ टक्के भरले. घट्ट होताना फुगणारे द्रव्य खळग्याच्या भिंतींना चिकटून बसते व फट बुजवते. मूलनलिकेच्या उपचारात दोन भेटींच्या दरम्यान जंतूंना आत शिरू न देणे हेच मुख्य कार्य असल्याने येथे कमी बलाचे द्रव्यही सरस ठरू शकते. मात्र त्याची उणीव जाडीने भरून काढावी लागते. १९७८ सालच्या एका अभ्यासाने ती किमान ३.५ मिलिमीटर असावी असे दर्शविले.

तात्पर्य, या द्रव्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाने आकड्यांच्या उतरंडीवर विसंबू नये. द्रव्यावर भार किती, ते ठेवावयाचे किती दिवस, आणि काढावयाचे कसे, या तीन प्रश्नांवाचून कोणत्याही बलमापनाला अर्थ प्राप्त होत नाही.